हॉल नवा केल्यापासून गिऱ्हाईक म्हणतं ‘चव बदलली’. आचारी, मसाला, मटण सगळं तेच आहे

रस्सा_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मटण थाळीची खानावळ आहे. हॉलचं काम नव्याने करून घेतलं आणि तेव्हापासून रोजची गिऱ्हाइकं चवीबद्दल बोलायला लागली आहेत. पांढरा रस्सा सपक लागतो, मीठ कमी वाटतं, आणि ‘पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही’. आचारी तोच, कांदा-लसूण मसाला घरचा, मटण त्याच दुकानातलं, सगळं प्रमाण वहीत लिहिलेलं. मीठ जरा वाढवून बघितलं तर पार्सल नेणारे म्हणाले, खारट झालंय.

हॉल ३० बाय २० फूट, उंची १० फूट, जागा ४८. आधी खाली शहाबादी फरशी, वर कौलं, दोन बाजूंना उघड्या खिडक्या, पंखे आणि पिवळे बल्ब. आता चकचकीत टाइल, भिंतींनाही ५ फुटांपर्यंत टाइल, वर पीओपी, रस्त्याच्या बाजूला अखंड काच. ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे एलईडी पॅनेल, तीन स्प्लिट एसी २० अंशांवर. टेबलं २४ बाय २४ इंची, बसायला सोफ्यासारखी सीट. ताट १३ इंची.

मसाल्यात हात घालावा का, की दुसरं काही तपासू?

पाककसोटी:

मसाल्याला हात लावू नका. पार्सलवाले खारट म्हणतात, हॉलमधले मीठ कमी म्हणतात, आणि पातेलं एकच आहे. म्हणजे फरक पातेल्यात नाही, पातेल्यापासून तोंडापर्यंतच्या वाटेत आहे. मीठ आज संध्याकाळपासून वहीतल्या प्रमाणावर आणा.

पहिली तपासणी तापमानाची. सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. ऐन गर्दीत तीन ठिकाणी मोजा: पातेल्यात, काउंटरवर वाटी भरल्या भरल्या, आणि गिऱ्हाईक पहिला घोट घेतं त्या क्षणी टेबलावर. हा तिसरा आकडा ६० च्या खाली असेल तर सपकपणाचं मोठं कारण तिथेच सापडलं.

तक्रार पांढऱ्याचीच का, तांबड्याची का नाही, हेही यातून कळतं. तांबड्या रस्स्यावर कटाचा थर असतो. तो तेलाचा थर वाफ अडवतो, त्यामुळे खालचा रस्सा बराच वेळ गरम राहतो. पांढऱ्याला तसं झाकण नाही. वाफ निघून जाते, तिच्याबरोबर उष्णता जाते आणि वेलची-मिरी-खसखशीचा वासही जातो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो, आणि रस्सा कोमट झाला की तो वास चढतच नाही. शिवाय मटणाची चरबी साधारण ४५ अंशांच्या आसपास थिजायला लागते. कोमट पांढरा रस्सा प्यायल्यावर टाळूला पातळ मेणचट थर बसतो. जिभेवर तोच थर असला की पुढच्या घासाचं मीठ-तिखटही बोथट लागतं. नारळाची चरबी २४ अंशांच्या आसपास गोठते. तुमचा एसी २० वर आहे. रिकाम्या वाटीच्या काठावर पांढरट कडा दिसते का बघा. दिसत असेल तर ती हीच.

आता उपाय. बहुतेक जण आधी वाट्या गरम करायला धावतात. त्याने फार हाती लागत नाही: १०० मिली रस्सा आणि ६० ग्रॅमची स्टीलची वाटी असेल तर वाटी रस्स्यातून जेमतेम ३-४ अंश शोषते. खरा तोटा होतो तो वाट्या आधीच भरून काउंटरवर रांगेत ठेवल्याने आणि वर एसीचा झोत असल्याने. म्हणून ताट रिकाम्या वाट्यांसह जाऊ द्या, आणि रस्सा टेबलावर झाकणाच्या किटलीतून वाढा. किटली लहान, दीड-दोन लिटरची, म्हणजे ती लवकर संपेल आणि परत गरम भरली जाईल. पांढरा रस्सा उकळत ठेवायचा नाही, नारळाचं दूध फाटतं. गरम पाण्याच्या टाकीत पातेलं बसवून ७५ अंशांच्या आसपास धरा.

भाकरीची गत याहून वाईट. पातळ आणि पसरट असल्याने झोताखाली ती दोन मिनिटांत वातड होते. एका वेळी एकच वाढा, दुसरी मागितल्यावर.

एसी २५-२६ वर ठेवून सोबत पंखे मंद चालवा, आणि झडपा अशा वळवा की हवा छताला धरून पुढे जाईल, ताटावर पडणार नाही. टेबलावर टिश्यू पेपरची पट्टी उभी धरा. फडफडली तर त्या टेबलावरचं जेवण थंड होतंय.

नाद_आराखडा:

वरच्या उत्तरात तापमान नीट आलंय. मी आवाजावर लिहितो, कारण ‘जेवल्यासारखं वाटत नाही’ या तक्रारीमागे मला हॉलचा घुमारा दिसतो.

तुमच्या हॉलचं घनफळ साधारण १७० घनमीटर. घुमाऱ्याचा वेळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, काढायचं सूत्र सोपं आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. टाइल आवाज शोषते १ ते २ टक्के, काच आणि पीओपीही फार नाही. फर्निचर धरून रिकाम्या हॉलचं शोषण १० चौरस मीटरच्या आसपास येईल, म्हणजे घुमारा पावणेतीन सेकंदांचा. जेवणाच्या खोलीत तो पाऊण सेकंदाच्या आत हवा.

जुन्या हॉलमध्ये हे का जाणवत नव्हतं? उघडी खिडकी आवाजाचं शंभर टक्के शोषण करते, बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. चार चौरस मीटरच्या खिडक्या उघड्या म्हणजे चार चौरस मीटर पूर्ण शोषण. कौलांच्या फटींतूनही आवाज निसटायचा. आता काचेने आणि पीओपीने ती सगळी भोकं बुजवली.

घुमणाऱ्या हॉलमध्ये माणूस नकळत आवाज चढवतो, शेजारचं टेबल त्याच्यावर चढवतं, आणि अर्ध्या तासात सगळे ओरडून बोलत असतात. याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. अशा वेळी लोक भरभर गिळून उठतात. चावणं कमी झालं की वास कमी सुटतो, परत चवीवरच घाला.

मोजायला मोबाईलवरचं डेसिबल ॲप चालेल. आकडा अचूक नसेल, पण तोच फोन त्याच टेबलावर ठेवून आधीचा-नंतरचा फरक विश्वासाने कळतो. दुपारी दीड आणि रात्री साडेआठला, प्रत्येकी दहा मिनिटं मोजा. ७० च्या आत असेल तर नीट गप्पा होतात. ७५ च्या वर ओरडावं लागतं.

करायचं काय, तर छताला ३० चौरस मीटर शोषक लावायचं. २ बाय ४ फुटांची ४० पॅनेल झाली. आत ५० मिलिमीटर जाडीची, ४८ घनतेची (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, वर आग न धरणारं कापड, आणि पीओपीपासून ४ इंच खाली टांगलेलं. छताला चिकटवू नका, मधल्या पोकळीमुळे खालच्या पट्टीतले आवाजही शोषले जातात. शोषण १० वरून ३७ वर गेलं की रिकाम्या हॉलचा घुमारा पाऊण सेकंदाच्या जवळ येतो, माणसं बसल्यावर आणखी खाली. भरल्या हॉलमध्ये थेट फरक ३ डेसिबलच्या आसपास, पण लोकांचे आवाजही उतरत असल्याने प्रत्यक्षात जास्त मिळतो.

त्याआधी फुकटातलं करा. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूट. खरकटी ताटं हॉलमध्ये आपटून रचणं बंद, ती रबर लावलेल्या ट्रॉलीतून आत न्यायची. टीव्हीवरच्या बातम्या बंद. मोरीच्या दाराला ते आपोआप मिटवणारी स्प्रिंग.

रस्सा_कोल्हापूर:

दोघांचेही आभार. आज दुपारी मोजलं. पांढरा रस्सा पातेल्यात ७८, काउंटरवर ७०, टेबलावर ४६. खिडकीकडच्या टेबलावर, जिथे एसी थेट येतो, तिथे ४१. वाटीच्या काठावर पांढरी कडा आहे. आवाज दीड वाजता ८४.

उजेडाबद्दल कोणी सांगेल का? इंटिरिअरवाल्यांचं म्हणणं, ६५०० मध्ये हॉल स्वच्छ दिसतो. दुसरं, गर्दीच्या आवाजाने मीठ खरंच कमी लागतं का?

उजेडवारी:

हॉल स्वच्छ दिसतो हे खरं, पण ताट मरतं. निळसर पांढऱ्या उजेडात पांढरा रस्सा करडा दिसतो, भात निळसर, आणि तांबड्या रस्स्याचा कट विटकरी-तपकिरी. माणूस आधी डोळ्यांनी ठरवतो की समोरचं ताजं आहे की शिळं, आणि जीभ त्या अंदाजाला बरीच धरून राहते.

केल्विनचा आकडा हा अर्धाच भाग झाला. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात. जुना तारेचा बल्ब जवळपास १०० चा. स्वस्त पॅनेल ७० ते ८० चं असतं, आणि त्यातही लाल रंगाचा आर-९ हा आकडा बरेचदा शून्याजवळ. कोल्हापुरी थाळीत तर सगळा जीव लाल रंगात आहे. खोक्यावर बघून घ्या: ३००० केल्विन, सीआरआय ९० किंवा वर, आर-९ किमान ५०. खोक्यावर आर-९ लिहिलेला नसेल तर तो बल्ब सोडून द्या.

खात्री करायला खर्च नाही. कटासकट तांबड्या रस्स्याच्या दोन वाट्या एकाच पातेल्यातून भरा. एक तुमच्या पॅनेलखाली, दुसरी मागच्या खोलीत साध्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बखाली. त्यात तेलाच्या कडेची केशरी झाक बघा, जिथे कट वाटीच्या स्टीलला टेकतो तिथे. पॅनेलखाली ती झाक जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल.

टेबलावर उजेड २०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवा. मटण थाळी आहे, हाड दिसलं पाहिजे. मासे वाढत असाल तर काट्यांसाठी २५०-३०० धरा. मंद उजेडाची हौस इथे कामाची नाही. छतावर सरसकट पॅनेल लावण्यापेक्षा प्रत्येक टेबलावर ३६ अंशांच्या झोताचा एक दिवा द्या आणि वाटा थोड्या कमी उजळ ठेवा, म्हणजे ताट आपोआप उठून दिसतं. टेबलाजवळ लोंबणारे दिवे टाळा, वाढप्याचं डोकं आणि बादली दोन्ही आपटतात. रंगीत दिवे नकोत. भिंतींना हिरवा किंवा निळा रंग असेल तर त्याची झाक पांढऱ्या रस्स्यावर पडते, मोतिया किंवा फिकट बदामी रंग द्या.

पंगतीत ताटाभोवती पांढरी रांगोळी आणि खाली हिरवं केळीचं पान असायचं, त्यावर लाल-पिवळं अन्न लख्ख दिसायचं. तुमची टेबलं कुठल्या रंगाची आहेत? चकचकीत पांढऱ्या सनमायकावर स्टीलचं ताट ठेवलं की दोन्ही चमकतात आणि अन्न मागे पडतं. गडद, मॅट पृष्ठभाग घ्या.

वाढपी_नाशिक:

टेबलाचं माप वाचूनच थांबलो. २४ इंची टेबलावर समोरासमोर १३ इंची दोन ताटं म्हणजे २६ इंच. दोन्ही ताटं कडेच्या बाहेर येतात, पाण्याचा ग्लास आणि कांदा-लिंबाची बशी कुठे ठेवणार? गिऱ्हाईक पूर्ण जेवणभर ताट सावरत बसतं. त्यात ताट पातळ असलं तर एका हाताने भाकरी मोडताना ते सरकतं. २०१५ मध्ये छापलेल्या, एडिनबरातल्या एका हॉटेलात केलेल्या प्रयोगात जड काटे-चमचे दिलेल्यांना तेच जेवण जास्त आवडलं होतं. आपल्याकडे चमच्याच्या जागी ताट धरा: जाड पत्र्याचं, सपाट बुडाचं, जागेवर बसणारं.

चौघांना ३० बाय ४८ इंच हवं. प्रत्येकाला रुंदीला २४ इंच मिळतात, ताट जाऊन ११ इंच ग्लास-बशीला उरतात, आणि समोरासमोरच्या ताटांत ४ इंचाची फट राहते. ४८ च्या जागी ४० जागा बसतील, माणशी १५ चौरस फूट. आठ जागा गेल्याचं वाईट वाटेल, पण वाढप्याला दोन टेबलांमधून किटली घेऊन वळता आलं तरच रस्सा गरम पोचणार आहे.

सोफ्याच्या सीटचं बघा. टेबल ७५ सेंटिमीटर, सीट ४५, मधलं अंतर २८ ते ३० हे हाताने जेवायला बरोबर. मऊ सीट माणूस बसला की ३८-४० वर दबते, ताट छातीशी येतं, कोपर वर उचलावं लागतं आणि रस्सा शर्टावर सांडतो. मागे मागे घसरणारी बैठक तर आणखी वाईट. आत कडक फोम टाकून घ्या किंवा लाकडी बाक करा.

आणखी तीन गोष्टी, ज्या इंटिरिअरच्या नकाशात कधीच नसतात. एक, बेसिन. जेवणाऱ्याच्या नजरेसमोर आणि कानावर कोणी खाकरत, चूळ भरत असेल तर त्याची जेवणावरची वासना मरते. बेसिनपुढे ६-७ फुटांची आडभिंत घाला, टाइलची असली तरी चालेल. दोन, वाट बघणारे. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून ‘उठतोय का’ बघणारी माणसं असली की रस्सा दुसऱ्यांदा मागायची हिंमत कोणाची होत नाही. बाहेर बाक, टोकन, आणि दारातून नाव पुकारणारा माणूस. तीन, वास. फिनेल सकाळी उघडायच्या आधी एकदाच. दुपारच्या पंगतींमध्ये फरशी पुसायची तर गरम पाणी आणि वास नसलेला साबण. रूम फ्रेशनर काढून टाका, मोगऱ्याच्या वासात मटण कसं लागणार?

वासावरून आठवलं, बंद हॉलमध्ये हवा कुठून येते हेही तपासा. स्वयंपाकघराच्या दारात पेटती उदबत्ती धरा. धूर स्वयंपाकघराकडे ओढला गेला तर ठीक, हॉलमध्ये आला तर फोडणीचा ठसका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जातोय. तीच उदबत्ती संडासाच्या दारात धरा. तिथला धूर हॉलकडे येत असेल तर स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट पंख्याला बाहेरची हवा मिळत नाहीये आणि तो मिळेल तिथून खेचतोय. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत जाळी काढून ताजी हवा आत घ्या.

पाककसोटी:

आवाज आणि मिठाच्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या प्रयोगात मोठ्या आवाजात लोकांना गोड आणि खारट दोन्ही कमी लागलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विमानातल्यासारखा ८५ डेसिबलचा आवाज ऐकवून तपासलं, तेव्हा गोड कमी लागलं, मटणाच्या सूपासारखी रसदार चव उलट वाढली, आणि खारटात मोठा फरक दिसला नाही. तुमचे ८४ डेसिबल त्या आवाजाच्या जवळचे आहेत, तरी मिठाचा दोष एकट्या आवाजाला देऊ नका. मटणाचा रस्सा गोंगाटात सपक लागायचं त्या हिशेबाने कारण नाही. माझं मत कायम आहे: ४६ अंश हा पहिला गुन्हेगार.

जागा बदलली की तेच अन्न वेगळं लागतं, हे मात्र पक्कं आहे. २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एकाच पद्धतीने केलेलं चिकन अ ला किंग (सायीच्या सॉसमधलं चिकन) दहा वेगवेगळ्या ठिकाणी वाढलं होतं. वृद्धाश्रम, हॉस्टेलसारख्या ठिकाणी गुण कमी, चांगल्या रेस्टॉरंटमध्ये जास्त. तुमच्याकडे त्याची दुसरी बाजू आहे. हॉल हॉटेलसारखा दिसायला लागला की अपेक्षाही हॉटेलची होते, आणि कोमट वाटी तिथे जास्त खुपते.

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिला आठवडा फक्त किटली आणि एसी. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या हॉलचे दिवे बदला. दोन्ही बाजूंना त्याच पातेल्यातला रस्सा, तोच वाढपी. जेवून उठताना एकच चिठ्ठी द्या: पांढरा रस्सा १ ते ९ पैकी किती आवडला, १ म्हणजे अजिबात नाही, ९ म्हणजे फारच. चिठ्ठीच्या मागे टेबल नंबर तुम्ही लिहा. ‘चव बदलली का’ असं विचारू नका, विचारलं की माणूस हो म्हणतो. प्रत्येक बाजूच्या किमान ५० चिठ्ठ्या जमल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि त्या पंधरवड्यात आचाऱ्याला मिठाच्या डब्याला हात लावू देऊ नका.

रस्सा_कोल्हापूर:

किटली उद्यापासूनच. बेसिनला आडभिंत घालतो, ते खरंच समोर आहे. टेबलं पांढरीच आहेत, दिव्यांच्या चाचणीनंतर वरचा सनमायका बदलतो. नाद_आराखडा साहेब, एक जण म्हणतो अंड्याच्या ट्रेसारखा फोम भिंतींना लावा, स्वस्त पडतो. चालेल का? आणि रॉकवूलवर तेलाचा चिकटा बसणार नाही का?

नाद_आराखडा:

तो फोम नको. पातळ असल्याने बोलण्यातल्या खालच्या पट्ट्या तो सोडून देतो, आणि साधा पीयू फोम पेटला तर काही मिनिटांत हॉल काळ्या धुराने भरतो. अंड्याचे खरे पुठ्ठे तर शोषणाच्या नावाने जवळजवळ काहीच करत नाहीत.

चिकट्याचं म्हणणं बरोबर. म्हणून स्वयंपाकघराच्या दारापासून ६ फुटांपर्यंत पॅनेल लावू नका, तिथली पॅनेल समोरच्या काचेच्या बाजूला घ्या. प्रत्येक पॅनेल चार हुकांवर टांगा, म्हणजे काढून कापड बदलता येईल. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, रेक्झिन किंवा जाड प्लास्टिक घातलंत तर आवाज वरूनच परत येईल. कापड फिकट रंगाचं घ्या, नाहीतर उजेडवारींनी सांगितलेला उजेड छत गिळून टाकेल. आधी २० पॅनेल हॉलच्या मधोमध लावा, तोच फोन घेऊन दीड वाजता परत मोजा, आणि आकडा इथे टाका. उरलेली २० कुठे लावायची ते त्यावरून सांगतो.